दंडाचा आकडा सोडा, अंमलबजावणीची तारीख बघा

मोठ्या टेक कंपनीला सरकारी यंत्रणेनं दंड ठोकला अशी बातमी आली की आपल्याकडं सगळ्यात आधी आकडा फॉरवर्ड होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये असंच झालेलं. भारतीय स्पर्धा आयोगानं, म्हणजे सीसीआयनं, २० तारखेला अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि पाचच दिवसांनी प्ले स्टोअरच्या बिलिंगवरून, म्हणजे अ‍ॅपमधले पैसे गुगलच्याच यंत्रणेतनं घेण्याच्या सक्तीवरून, अजून ९३६.४४ कोटींचा. कोल्हापुरात शाहूपुरीपासून उद्यमनगरपर्यंत व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर ते आकडे फिरत होते आणि खाली एकच सूर, बरी जिरवली. मला तेव्हाही हे खटकलं होतं आणि आज तर पक्की खात्री आहे की आकडा बघून खूश होण्यात आपलंच नुकसान आहे. कारण अशा कंपनीला दंड म्हणजे ताळेबंदातली एक ओळ. तिच्या वकिलांना खरी धास्ती असते ती आदेशाच्या शेवटच्या पानांची, जिथं लिहिलेलं असतं की अमुक अमुक वागणं एवढ्या दिवसांत बंद करा. ती तारीख पुढं ढकलणं हीच त्यांची सगळी स्ट्रॅटेजी असते, बाकीचे मुद्दे त्याभोवती रचलेले असतात.

जानेवारी २०२३ मध्ये काय झालं ते नीट आठवून बघा, कारण त्या तीन आठवड्यांत हा खेळ जितका उघडा दिसला तितका आधी कधी दिसला नव्हता. सीसीआयनं गुगलला बदल करायला ९० दिवस दिले होते, म्हणजे १९ जानेवारीपर्यंत. आदेश २० ऑक्टोबरचा, आणि अपील कधी दाखल झालं तर २० डिसेंबरला, म्हणजे कायद्यानं अपिलाला जी साठ दिवसांची मुदत दिलीय ती जवळजवळ सगळी वापरून. आणि मग एनसीएलएटीसमोर, म्हणजे ज्या ट्रिब्युनलकडं सीसीआयच्या निर्णयावर अपील जातं तिथं, सांगितलं की फार तातडीचं आहे, लगेच स्टे द्या. ट्रिब्युनलनं ४ जानेवारीला स्टे नाकारला, दंडाच्या १० टक्के रक्कम भरायला सांगितली आणि साफ विचारलं की अपील करायला दोन महिने लावले तेव्हा तातडी नव्हती, आता कुठनं आली. माझ्या मते हा त्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता.

मग गुगल सुप्रीम कोर्टात गेलं. तिथं मांडणी अशी होती की जगात कुणीच एवढे मोठे बदल करायला लावले नाहीत, हजाराहून जास्त फोन उत्पादक आणि हजारो अ‍ॅप डेव्हलपरांबरोबरचे करार बदलावे लागतील, भारतात अँड्रॉइडची वाढ थांबेल. बाहेर सांगितलं गेलं की फोन महागतील, सुरक्षितता धोक्यात येईल. सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठानं त्यावर विचारलं की युरोपात तुम्ही जे पाळता तेच भारतात पाळणार का? आणि १९ जानेवारीला कोर्टानं स्टे दिला नाही, फक्त पैसे भरायला एक आठवडा दिला आणि ट्रिब्युनलला सांगितलं की ३१ मार्चपर्यंत अपील निकाली काढा. पुढं काय झालं? २५ जानेवारीला कंपनीनं स्वतःच जाहीर केलं की फोन बनवणाऱ्यांना गुगलची अ‍ॅप सुटी सुटी घेता येतील आणि ग्राहकाला डिफॉल्ट सर्च इंजिन निवडता येईल. ज्या बदलांनी सगळं कोसळणार होतं ते स्टे नाकारल्यावर सहा दिवसांत जाहीर झाले आणि त्यानंतर वर्षं उलटली तरी काही कोसळलेलं नाही. माझं सगळं म्हणणं या सहा दिवसांवर उभं आहे. १,३३७ कोटींच्या आकड्यानं तीन महिन्यांत जे झालं नाही ते एका नाकारलेल्या स्टेनं आठवड्याच्या आत केलं.

पण गोष्ट तिथं संपत नाही. २९ मार्च २०२३ ला एनसीएलएटीनं दंड कायम ठेवला, पण आदेशातल्या चार सूचना काढून टाकल्या. बातम्यांत ठळक काय आलं तर गुगलला दणका, दंड कायम. त्या चार सूचना कोणत्या हे आमच्याकडं कुणी वाचलं नाही. त्यातली एक अशी होती की फोनमध्ये आधीच घातलेली गुगलची अ‍ॅप ग्राहकाला काढून टाकता आली पाहिजेत. आता राजारामपुरीत कुठल्याही मोबाईलच्या दुकानात जा, नवा अँड्रॉइड फोन बॉक्समधनं काढा, चालू करा. पहिल्याच स्क्रीनवर सर्चची पट्टी, त्याच्याजवळ गुगल नावाचा फोल्डर, आत क्रोम, यूट्यूब, मॅप्स, जीमेल सगळं मांडून ठेवलेलं. यूट्यूबवर बोट दाबून धरा, अ‍ॅप इन्फोमध्ये जा. बहुतेक फोनवर तिथं अनइन्स्टॉल नसतंच, डिसेबल असतं. म्हणजे अ‍ॅप झोपवता येतं, घराबाहेर काढता येत नाही. काउंटरवरच्या पोराला विचारलं तर तो म्हणतो कंपनीचंच असतंय, निघत नाही, आणि गिऱ्हाईक मान डोलावून सिमकार्ड टाकतं. दुसऱ्या काढलेल्या सूचना होत्या त्या दुसऱ्यांच्या अ‍ॅप स्टोअरला प्ले स्टोअरमध्ये जागा देण्याची, वेबसाईटवरून थेट अ‍ॅप टाकण्यात अडथळे न आणण्याची आणि प्ले सर्व्हिसेसचे एपीआय, म्हणजे दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर गुगलच्या सेवांशी जोडायचे सांधे, खुले करण्याची. उद्या कुणी पर्यायी स्टोअर काढायचं म्हटलं तर त्याला जे लागतं ते नेमकं हेच. म्हणजे दंड राहिला आणि ज्यामुळं बाजार हलला असता तो भाग गेला. कंपनी आणि सीसीआय दोघंही त्यावर सुप्रीम कोर्टात गेलेत.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर हे नुसतं कंपनीविरोधी भाषण होईल. कंपनीला अपिलाचा हक्क आहे आणि तो असलाच पाहिजे, आणि बऱ्याच वेळा वकिलांना जे भगदाड सापडतं ते आधी यंत्रणेनंच ठेवलेलं असतं. दंडाचंच घ्या. शेतकऱ्याला आणि धान्याच्या व्यापाऱ्याला गोदामात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या माहीत असतात, सेल्फॉस म्हणून. त्या गोळ्यांच्या कंपन्यांनी फूड कॉर्पोरेशनच्या टेंडरमध्ये संगनमत केलं म्हणून सीसीआयनं त्यांच्या एकूण उलाढालीवर दंड लावला होता. ते प्रकरण एक्सेल क्रॉप केअर या नावानं सुप्रीम कोर्टात गेलं आणि मे २०१७ मध्ये कोर्टानं सांगितलं की दंड संबंधित उलाढालीवरच, ज्या मालात चूक केली त्या मालापुरता. धान्यातली कीड मारायच्या गोळीवरचा तो निकाल आज टेक कंपन्यांची सगळ्यात भक्कम ढाल झालाय. प्ले स्टोअर बिलिंगचा ९३६.४४ कोटींचा दंड एनसीएलएटीनं मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला तो मुख्यतः याच मुद्द्यावर, की संबंधित उलाढाल धरताना सीसीआय चुकली. दोष सिद्ध झाल्यावरसुद्धा आकडा चौथाईच्या खाली आला. हे वकिलांचं कसब आहेच, पण यंत्रणेनं हिशोब कच्चा केला हेही खरंच आहे, आणि मी स्वतः लोकांचे हिशोब लिहून पोट भरतो म्हणून मला ते जास्त लागतं.

तसाच दुसरा मुद्दा परिणामाचा. नुसतं कंपनी मोठी आहे आणि करारात अट आहे एवढं दाखवून भागत नाही, त्या अटीनं स्पर्धेचं नुकसान झालं किंवा होऊ शकतं हे पुराव्यानं दाखवावं लागतं. एनसीएलएटीनं गुगलच्या प्रकरणात तेच धरलं आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानंही शॉट ग्लास या काचेच्या कंपनीच्या निकालात त्यावर शिक्कामोर्तब केलं. गुगलनं तर अपिलात असा आरोप केला होता की चौकशी अधिकाऱ्यांनी युरोपातल्या निकालातले भागच्या भाग जसेच्या तसे उचलले. आरोप खरा असो नसो, तो करता आला यातच काय ते आलं. ज्या अहवालावर भारतातल्या कोट्यवधी फोनचं भवितव्य ठरणार त्यात भारतातल्या दुकानदारांचं, डेव्हलपरांचं, ग्राहकांचं म्हणणं इतकं ठासून भरलेलं पाहिजे की परदेशातनं उचललं असं म्हणायची कुणाची छातीच होऊ नये.

आता वेळेचं बघू. वेळ कसा काढला जातो ते समजायला अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टचं प्रकरण पुरेसं आहे. सीसीआयनं जानेवारी २०२० मध्ये चौकशीचा आदेश दिला, तक्रार दिल्लीतल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेची, मुद्दा असा की ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप, मोबाईलचे मॉडेल फक्त ऑनलाईन आणि त्यावर भरमसाठ सूट. लक्षात घ्या, शिक्षा नव्हे, दंड नव्हे, फक्त चौकशी करा एवढाच आदेश. २०१० मध्येच सेलच्या, म्हणजे स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडियाच्या, प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की चौकशी सुरू करण्याच्या आदेशावर अपील होत नाही. मग अपिलाचं दार बंद तर रिटचं, म्हणजे थेट हायकोर्टात याचिका करण्याचं, उघडं. फेब्रुवारीत कर्नाटक हायकोर्टातनं स्टे आला, तो जून २०२१ मध्ये उठला, जुलैत दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानंही कंपन्यांचं म्हणणं फेटाळलं, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानंही. चौकशी करायची का नाही एवढ्यावर दीड वर्ष गेलं, मधी एक दसरा दिवाळी होऊन गेली. चौकशीचा अहवाल आला २०२४ मध्ये. तो आल्यावर वेगवेगळ्या हायकोर्टांत विक्रेत्यांच्या आणि मोबाईल कंपन्यांच्या दोन डझनाच्या आसपास याचिका पडल्या, मुद्दे जवळपास सारखेच. सीसीआयला शेवटी सुप्रीम कोर्टात जाऊन सांगावं लागलं की हे चौकशी खिळखिळी करण्यासाठी चाललंय, सगळं एका ठिकाणी आणा, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती प्रकरणं कर्नाटक हायकोर्टाकडं पाठवली गेली.

मैदानात एखादा पैलवान नुसता मागं मागं सरकत राहिला तर पंच त्याला ताकीद देतात आणि नाहीच ऐकलं तर गुण समोरच्याला जातो. आपल्या स्पर्धा कायद्यात अशी ताकीदच नाही. मागं सरकणाऱ्याचा प्रत्येक मिनिट फायद्याचा, कारण तोवर जुनं वागणं चालूच राहतं आणि पैसे येतच राहतात.

कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं समजवायची गरज नाही खरं तर. मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी इथल्या वकिलांनी आणि लोकांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ मागणी लावून धरली, ती कशासाठी? मुंबईत तारीख पडली की आदल्या रात्री निघायचं, वकिलाची फी वेगळी, राहणं खाणं वेगळं, आणि कोर्टात गेल्यावर कळायचं की मॅटर आज बोर्डावर येत नाही. ज्याच्याकडं पैसा आहे त्याला पुढची तारीख म्हणजे आराम आणि ज्याच्याकडं नाही त्याला तीच तारीख म्हणजे दंड. शेवटी १८ ऑगस्ट २०२५ पासून बेंच सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांची पायपीट वाचली. पण स्पर्धा कायद्याची वाट अजून सीसीआय, मग एनसीएलएटी, मग सुप्रीम कोर्ट, सगळी दिल्लीचीच, आणि तिथं समोर उभी असणार देशातली सगळ्यात महाग वकिलांची फौज. सुनावणी ऑनलाईन झाली तरी सहा सात वर्षं तग धरायची ताकद ऑनलाईन मिळत नाही.

काहीजण म्हणतील की अमेरिकेत तरी कुठं वेगळं आहे. बरोबर, तिथंही असंच आहे, आणि तिथला एक निकाल मला सगळ्यात जास्त घाबरवतो. फेसबुकनं २०१२ मध्ये इन्स्टाग्राम घेतलं, २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप घेतलं. सरकारी यंत्रणेनं म्हणजे एफटीसीनं दावा कधी केला, तर डिसेंबर २०२० मध्ये. पहिली तक्रार जून २०२१ मध्ये कोर्टानं अपुरी म्हणून फेटाळली, ती सुधारून परत दाखल झाली, ट्रायल सुरू झाली एप्रिल २०२५ ला. तोवर टिकटॉकनं सगळं चित्र बदललं होतं. मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीच्या, वकिलांनी नेमकं तेच धरलं, की आमची स्पर्धा टिकटॉक आणि यूट्यूबशी आहे, मग एकाधिकार कसला. १८ नोव्हेंबर २०२५ ला न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी ते मान्य केलं आणि सांगितलं की मक्तेदारी पूर्वी होती की नाही हा प्रश्न नाही, आज आहे हे सिद्ध करायला हवं होतं. कायद्याच्या दृष्टीनं निकाल चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण त्यातनं प्रत्येक कंपनीचा वकील एकच धडा घेणार, की पुरेशी वर्षं काढली तर बाजार स्वतःच आपला बचाव तयार करून देतो. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तशी यंत्रणेची गत झाली.

आणि अमेरिकेतलीच दुसरी एक चाल बघा. ऑनलाईन जाहिरातींच्या बाजारावरून अमेरिकेच्या न्याय विभागानं जानेवारी २०२३ मध्ये गुगलवर व्हर्जिनियात दावा लावला, त्यात सरकारी खात्यांना जाहिरातींचे जास्त पैसे पडले म्हणून भरपाईपण मागितली. भरपाई मागितली की प्रकरण ज्युरीपुढं, म्हणजे साध्या नागरिकांपुढं जाऊ शकतं. गुगलनं काय केलं, तर २०२४ मध्ये मागितलेल्या भरपाईचा पूर्ण चेकच देऊन टाकला, साधारण २३ लाख डॉलरचा. दोष मान्य नाही, पण पैसे घ्या. भरपाईचा मुद्दाच संपला आणि न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी ज्युरी काढून टाकली. त्या कंपनीच्या मानानं २३ लाख डॉलर म्हणजे किरकोळ खर्च, आणि त्या बदल्यात सामान्य माणसांसमोर उभं राहणं टळलं. पुढं एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायाधीशांनी त्या बाजारात गुगलनं बेकायदा मक्तेदारी केल्याचा निकाल दिला, म्हणजे चाल पूर्ण यशस्वी झाली असंही नाही. सर्चच्या वेगळ्या खटल्यात ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलला मक्तेदार ठरवलं तेव्हा एका गोष्टीवर कान उपटले होते, की कंपनीत चॅटची हिस्टरी बंद ठेवायची आणि मजकूर एका दिवसात आपोआप पुसला जायचा, आणि साध्या मेलमध्येही वकिलाला मार्क करून ठेवायचं म्हणजे नंतर तो मजकूर गोपनीय म्हणता येईल. त्यांनी त्यासाठी वेगळी शिक्षा दिली नाही, मला वाटतं द्यायला हवी होती. लढाई कोर्टात सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी ऑफिसमध्ये सुरू झालेली असते हे त्यातनं दिसतं.

आता अ‍ॅपलचं. २०२३ मध्ये आपल्या संसदेनं कायद्यात दुरुस्ती केली, त्यानुसार दंडाची कमाल मर्यादा आता जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्के, आणि मार्च २०२४ पासून ते लागू झालं. अ‍ॅपलवर अ‍ॅप स्टोअरच्या प्रकरणात २०२१ पासून चौकशी चालूय. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, म्हणणं असं की हा नियमच बेकायदा आहे, याप्रमाणं आम्हाला ३८ अब्ज डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. इथंही तोच आकडा सगळीकडं फिरला. पण दंडाच्या मार्गदर्शक सूचना वाचल्या तर मोजणी संबंधित उलाढालीच्या ३० टक्क्यांपर्यंत, त्यावरची कमाल मर्यादा जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्क्यांची. म्हणजे ३८ अब्ज हा छताचा आकडा आहे, जमिनीचा नाही. नियम लागू होण्याआधीच्या वागण्याला नवा नियम लावायचा का, हा अ‍ॅपलचा प्रश्न मला रास्त वाटतो आणि कोर्टानं त्याचं उत्तर द्यावंच. फक्त ते उत्तर येईपर्यंत मूळ प्रकरण थांबू नये, कारण दंड किती हा प्रश्न आणि अ‍ॅप स्टोअरमधलं वागणं बरोबर की चूक हा प्रश्न, दोन्ही वेगळे आहेत आणि दोन्ही एकत्र बांधले की दुसरा लोंबकळत राहतो.

मग करायचं काय? माझं मत असं की दंड कमी झाला तरी चालेल, उशिरा वसूल झाला तरी चालेल, पण वागणूक बदलण्याच्या आदेशाला अपवादानंच स्टे मिळावा. पैसे परत करता येतात, पाच वर्षांत बंद पडलेलं दुकान किंवा स्टार्टअप परत उभं करता येत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनं अपील करताना दंडाच्या २५ टक्के रक्कम भरायची अट घातली, ते ठीक आहे, पण ती परत पैशाचीच अट झाली, आणि पैसा तर त्यांच्याकडं आहेच. त्यापेक्षा २०२३ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं जे केलं, की स्टे नाही पण अपील अमुक तारखेच्या आत संपवा, तो नियमच व्हायला पाहिजे. कंपनीलाही न्याय लवकर, बाजारालाही.

कायद्याच्या कलम ३३ मध्ये चौकशी चालू असताना अंतरिम आदेश द्यायचा अधिकार सीसीआयला आहे, तो वापरला जातो फारच कमी. वापरला तेव्हा घाई नडली. मार्च २०२१ मध्ये मेकमायट्रिपला दोन हॉटेल साखळ्या परत साईटवर घ्या म्हणून अंतरिम आदेश दिला, तो गुजरात हायकोर्टात रद्द झाला कारण ज्या ओयोबरोबरच्या करारामुळं त्या साखळ्या उतरवल्या होत्या तिचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं. दोन तासांची सुनावणी वाचवली आणि आदेशच गेला. आणि जिथं अंतरिम दिलासा मिळत नाही तिथं काय होतं ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. फीच्या वादावरून गुगलनं भारतातल्या ओळखीच्या कंपन्यांची अ‍ॅप प्ले स्टोअरवरून उतरवली, लग्न जमवायची, नोकरी शोधायची. सुप्रीम कोर्टातनं त्यांना आधीच अंतरिम संरक्षण मिळालं नव्हतं. मग केंद्रातले मंत्री मधी पडले आणि चार पाच दिवसांत अ‍ॅप परत आली. अ‍ॅप परत आली ते बरंच झालं, पण हा मार्ग मला अजिबात पटत नाही. उद्यमनगरातल्या एखाद्या पोरानं फाउंड्रीवाल्यांसाठी कास्टिंगच्या ऑर्डरचं अ‍ॅप काढलं आणि ते उतरवलं गेलं तर त्यानं कुठल्या मंत्र्याला फोन लावायचा?

तडजोडीचा मार्ग नव्या कायद्यानं उघडलाय तो मात्र चांगला आहे असं मला वाटतं, आणि यावर माझे काही मित्र माझ्याशी भांडतात. अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये गुगलनं सीसीआयशी सेटलमेंट केली, रक्कम फक्त २०.२४ कोटी. मित्र म्हणतात एवढ्यावर सोडलं. पण बदल्यात टीव्ही बनवणाऱ्यांना प्ले स्टोअर वेगळं लायसन्स करून मिळणार, सगळा गठ्ठा घ्या अशी सक्ती नाही, आणि अपिलाचा सहा वर्षांचा फेरा नाही. एका बाजूला ९३६ चे २१६ झालेले कोटी आणि अजून न संपलेला वाद, दुसऱ्या बाजूला २० कोटी आणि लागू झालेला बदल. मी दुसरं घेईन. फक्त सेटलमेंट लवकर झाली पाहिजे आणि अटी पाळल्या जातात का ते कुणीतरी बाहेरच्यानं तपासलं पाहिजे, नाहीतर तोही वेळ काढायचाच रस्ता होईल.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल फोन स्वस्त आहे, अ‍ॅप फुकट आहे, आपल्याला काय करायचंय. ग्राहक म्हणून कदाचित आज काही वाटणार नाही. पण इथला माणूस नुसता ग्राहक नाही. चपलांचा कारागीर इन्स्टाग्रामवर माल विकतो, गुळाचा व्यापारी व्हॉट्सअ‍ॅपवर भाव पाठवतो, हॉटेलवाल्याचं निम्मं लक्ष ऑर्डरच्या टॅबलेटवर असतं. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं नव्या प्रायव्हसी धोरणाला संमती द्या म्हणून खिडकी दाखवली, त्यावर सीसीआयचा आदेश आला नोव्हेंबर २०२४ मध्ये, २१३.१४ कोटी दंड आणि जाहिरातीसाठी डेटा इतर मेटा कंपन्यांना द्यायला पाच वर्षं बंदी. जानेवारी २०२५ मध्ये ट्रिब्युनलनं त्या बंदीला स्टे दिला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये बंदी काढूनच टाकली, दंड ठेवला. परत तेच, दंड राहिला आणि बंदी गेली. जवळपास पाच वर्षं तो गुळाचा व्यापारी त्याच खिडकीत ओके दाबून धंदा करत होता.

मी इथल्या छोट्या धंद्यांचे जीएसटीचे रिटर्न भरतो, त्यात दोन तीन हॉटेलं आहेत. एका मालकाचं एका ऑर्डर अ‍ॅपचं महिन्याचं स्टेटमेंट बघत होतो, त्यात कमिशनशिवाय जाहिरातीची एक कपात होती जी आधीच्या महिन्यात नव्हती. विचारलं तर म्हणाले, दादा, दुपारच्या गर्दीत स्क्रीनवर काहीतरी आलेलं, अ‍ॅक्सेप्ट केल्याशिवाय पुढची ऑर्डरच दिसत नव्हती, केलं. काय लिहिलेलं होतं? माहीत नाही. स्क्रीनशॉट? नाही. मेल? आला असेल. ती कपात कायदेशीर होती का बेकायदा मला माहीत नाही, आणि आता कुणालाच कळणार नाही, कारण कागदच नाही. दिल्लीत चौकशी अधिकाऱ्यांकडं जेव्हा पुरावा कमी पडतो आणि परिणाम दाखवता येत नाही म्हणून आदेशातल्या सूचना गळतात, तेव्हा तो न काढलेला स्क्रीनशॉट हेच त्याचं एक कारण असतं.

म्हणून इथल्या हॉटेल मालकांच्या, मोबाईल विक्रेत्यांच्या आणि कारागिरांच्या संघटनांना माझी विनंती आहे की दंडाच्या बातम्या फॉरवर्ड करण्यापेक्षा एक साधा मेल आयडी काढा आणि सभासदांना सांगा की अट बदलली की त्याच मिनिटाला स्क्रीनशॉट त्यावर टाका, जुनं स्टेटमेंट आणि नवं स्टेटमेंट जोडून. कायद्याच्या कलम ५३एन खाली नुकसानभरपाईसुद्धा मागता येते, पण आधी दोष सिद्ध व्हावा लागतो आणि मग आपलं नुकसान आपण कागदावर दाखवावं लागतं. आणि आपल्या खासदारांना एक प्रश्न सगळ्यांनी मिळून विचारा. डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये बाहेर आला, त्यात मोठ्या कंपन्यांनी काय करायचं नाही हे आधीच ठरवून ठेवायची सोय होती, म्हणजे नुकसान झाल्यावर पाच वर्षं सिद्ध करत बसायला नको. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीनं तर डिसेंबर २०२२ मध्येच अशा कायद्याची शिफारस केली होती. मसुद्यातल्या मर्यादा बदलायच्या असतील तर बदला, आपल्याकडच्या वाढत्या कंपन्या त्यात उगाच अडकू नयेत हा आक्षेप मलाही पटतो. पण तो मसुदा संसदेत कधी येणार, तारीख सांगा.